भाऊ दाजींची दोन गुपिते

आमच्या शाळेच्या मागे एक पऱ्या आहे. पावसाळ्यात तो दुथडी भरून वाहतो आणि माघ-फाल्गुनात त्याचे नुसते दगड उरतात. त्या पऱ्याच्या कडेला कडू कवठीचे एक जुने झाड उभे आहे. त्याला वाटोळी, तपकिरी, अंगावर बारीक लव असलेली फळे धरतात. कवच कठीण, आत गर आणि गरात कोनदार बिया. हे फळ माणूस खात नाही. मात्र ते ठेचून डोहात टाकले की मासे गुंगतात, म्हणून पोरांना त्याचे मोठे कौतुक. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, ह्याचं फळ खायचं नाही, लाकडालाही कोणी विचारीत नाही, मग हे झाड ठेवलंय कशाला?"

त्याला मी काहीबाही उत्तर दिले. पण त्या रात्री मला माझी आजी आठवली. आजी ह्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळीत असे आणि वर आलेले तेल पळीने काढून बाटलीत भरीत असे. थंडीत ते थिजे. गुराला जखम झाली, कोणाला खरूज झाली, टाचांना भेगा पडल्या की ती बाटली फडताळातून खाली येई. गावाबाहेर, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, सुरूच्या बनाच्या कडेला तेव्हा एक म्हातारा खोपटे बांधून राहत असे. त्याच्या हातांची बोटे झडलेली होती. त्याचे खरे नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला त्याच्या रोगाच्या नावानेच ओळखीत. आजी महिन्या-दोन महिन्यांनी मला हाक मारी आणि नारळाच्या करवंटीत तेल ओतून म्हणे, "जा, त्या बाबाला नेऊन दे. दगडावर ठेव नि लांबूनच हाक मार." मी ठेवीत असे, हाक मारीत असे आणि मागे न बघता पळत सुटत असे.

पुढे मास्तरकी करताना आणि चार कादंबऱ्या लिहिताना जुनी चरित्रे वाचण्याचा नाद लागला. त्या नादात एक दिवस कळले की, आजीच्या फडताळातले हे तेल एके काळी मुंबई शहरातले एक मोठे गुपित होते, आणि ते गुपित राखणारा माणूस काही साधासुधा नव्हता. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांचे नाव. त्या माणसाने आयुष्यात दोन गुपिते हाताळली. एक भर न्यायालयात उघड केले आणि दुसरे मरेपर्यंत झाकून ठेवले. ह्या दोहोंतले कोणते योग्य आणि कोणते अयोग्य, हा प्रश्न मला इतकी वर्षे सोडीत नाही; म्हणून आज दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

भाऊ दाजींचा जन्म १८२२ सालचा, गोव्यातल्या मांद्रे गावचा. पाळण्यातले नाव रामकृष्ण, वडिलांचे विठ्ठल; पण लोकांनी त्यांना भाऊ दाजीच केले आणि तेच नाव इतिहासात राहिले. घरची गरिबी. हे कुटुंब मुंबईला आले तेव्हा ह्या पोराची एकच चीज लोकांच्या नजरेत भरली, ती म्हणजे त्याची बुद्धिबळातली करामत. चरित्रकार सांगतात की, त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना मुलाला इंग्रजी शिकविण्याची गळ घातली. आमच्या कोकणपट्टीतून मुंबईला गेलेल्या पोरांच्या कथा बहुधा पाटी-दप्तराने किंवा गिरणीच्या भोंग्याने सुरू होतात. ही कथा उंट-घोड्यांनी सुरू झाली!

एल्फिन्स्टन विद्यालयात शिकून भाऊ तेथेच शिकवू लागले. काठेवाड आणि कच्छ ह्या भागांत जन्मलेल्या मुली मारून टाकण्याची जी दुष्ट चाल होती, तिच्यावर त्यांनी निबंध लिहून बक्षीस मिळविले. तेवढ्यात १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. हातची मास्तरकी सोडून ह्या तरुणाने पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसायचे ठरविले. १८५१ साली कॉलेजची पहिली तुकडी परीक्षा उतरून बाहेर पडली. त्या अवघ्या आठ जणांत भाऊ दाजी होते आणि पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून नाव झालेले डॉ. आत्माराम पांडुरंगही होते. प्रेत फाडून शिकायचे, परक्या जातीच्या रोग्याची नाडी धरायची, ह्या गोष्टी त्या काळी धर्म बुडविण्यासारख्या मानल्या जात. ज्यांनी त्या केल्या त्यांचे धैर्य आज आपल्या ध्यानातही येत नाही.

डॉक्टर झाल्यावर भाऊंनी धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासह गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात चांगला होता. पैसा आला, नाव झाले. आणखी कोणी असता तर एवढ्यावर संतुष्ट होऊन बंगला बांधून बसला असता. पण ह्या माणसाला माणसाच्या शरीरासारखेच समाजाचे शरीरही तपासून पाहण्याची खोड होती. १८५२ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्यासारखी वडील मंडळी तिच्या अग्रभागी होती आणि चिटणिसाचे काम ज्यांच्या गळ्यात पडले त्यांत भाऊ दाजी होते. कंपनीच्या कारभारातले दोष, महागडे अधिकारी, मोठ्या जागांवर एतद्देशीयांचा अभाव, हे सारे गाऱ्हाणे अर्जात मांडून ह्या संस्थेने ते थेट विलायतेच्या पार्लमेंटपुढे नेले. काँग्रेस स्थापन झाली १८८५ साली. त्याच्या तेहतीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी असाच ध्यास घेतला. एल्फिन्स्टनच्या तरुणांनी काढलेल्या ज्ञानप्रसारक सभेच्या मुलींच्या शाळांना ते आधार देत राहिले; पुढे त्यांच्या चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावाने मुलींची शाळा चालविली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, त्याच्या पहिल्या फेलोंत ते होते. विष्णुदास भावे १८५३ साली सांगलीहून आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईत आले तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत हे डॉक्टर होते. डॉ. बर्डवुड ह्यांच्या बरोबरीने खपून त्यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत वस्तुसंग्रहालय उभे करविले. १८६२ साली त्याची कोनशिला बसली आणि १८७२ साली ते लोकांना खुले झाले. आज त्या वास्तूला त्यांचेच नाव आहे. अजिंठ्याचे आणि जुनागडचे शिलालेख त्यांनी वाचले, कालिदासाच्या काळाविषयी लिहिले. रोगी, अर्ज, शाळा, नाटक, शिलालेख! एकाच दिवसाचे तास ह्या माणसाने कसे वाटले असतील ह्याचा मला अजून उलगडा होत नाही. परीक्षेचे पेपर तपासताना माझ्या हातून दिवाळी अंकाचा लेखसुद्धा वेळेवर होत नाही.

आता त्या पहिल्या गुपिताकडे वळू.

वल्लभ संप्रदायाच्या महाराजांना मुंबईतले भाटिये आणि वाणी देवासारखे मानीत. काही महाराजांच्या अनाचाराविरुद्ध करसनदास मुळजी नावाच्या तरुण गुजराती संपादकाने १८६० साली आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि पन्नास हजार रुपयांची भरपाई मागितली. १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला. सबंध मुंबई त्या खटल्याने ढवळून निघाली होती. कोणी महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून भाटिया पुढाऱ्यांनी एकजूट केली, आणि त्याबद्दल वेगळा खटला होऊन त्यांना दंडही झाले. अशा वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात डॉ. भाऊ दाजी उभे राहिले. स्वतः जदुनाथजी त्यांच्या औषधाखाली होते. चारचौघांत ज्याचे नाव घेऊ नये असा तो रोग होता, आणि तो अनाचारातून जडतो हे सर्वांना ठाऊक होते. शपथेवर विचारल्यावर डॉक्टरांनी खरे ते सांगून टाकले. दुसरे एक डॉक्टर धीरजराम दलपतराम ह्यांनीही तशीच साक्ष दिली. एप्रिल महिन्यात निकाल लागला. करसनदासांचा बचाव न्यायालयाने मान्य केला आणि त्यांना खटल्याचा बराचसा खर्च मिळाला.

रोग्याने विश्वासाने सांगितलेले वैद्याने बाहेर बोलू नये, हा आपल्याकडेही आणि ग्रीकांकडेही फार जुना दंडक. इंग्रजी कायद्याने मात्र न्यायालयात डॉक्टरला ही सवलत दिलेली नाही. १७७६ साली किंग्स्टनच्या डचेसच्या खटल्यात तेथील न्यायाधीशांनी हे ठरवून टाकले होते. तरीसुद्धा 'आठवत नाही' हे दोन शब्द कोणाच्याही जिभेवर सहज येतात, आणि पुष्कळांच्या आलेही असते. धनाढ्य गिऱ्हाइके दुरावणार, संप्रदायाचा रोष ओढवणार, हे भाऊंना कळत नव्हते काय? पण त्यांच्या एका बाजूला एका रोग्याची लाज होती आणि दुसऱ्या बाजूला शेकडो घरांतल्या लेकीसुनांची. त्यांनी दुसरी बाजू घेतली. मला त्यांचे हे वागणे बरोबर वाटते.

नंतरची तीन वर्षे मुंबईत सोन्याचा धूर निघाला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला येईनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग शेअरांचा सट्टा सुरू झाला. वकील, शेठ, कारकून, सगळे त्यात उतरले. १८६५ साली युद्ध थांबले आणि कापसाबरोबर मुंबईही कोसळली. त्या पडझडीत भाऊ दाजींची कष्टाची कमाईही गेली. जुन्या शिलालेखांतली अक्षरे ओळखणाऱ्या ह्या विद्वानाला बाजाराची अक्षरे ओळखता आली नाहीत. पण लोकांचा मान गेला नाही. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा त्यांना मुंबईच्या शेरीफपदाची वस्त्रे मिळाली.

ह्या पडत्या काळातच त्यांनी महारोगावर औषध देण्यास सुरुवात केली. हे दुसरे गुपित.

त्या काळी महारोग म्हणजे जिवंतपणीचे मरण. पूर्वजन्मीचे पाप म्हणावे, रक्तातला दोष म्हणावा आणि माणसाला वेशीबाहेर काढावे, ह्यापलीकडे उपाय नव्हता. विलायती डॉक्टरही तो रोग आनुवंशिक की सांसर्गिक ह्याचा वाद घालीत होते. अशा वेळी एका देशी डॉक्टरच्या औषधाने डाग फिके पडतात, बधिर कातडीला स्पर्श कळू लागतो, अशी बातमी पसरली. रोग्यांची रीघ लागली. इंग्रज डॉक्टरांचे कुतूहल जागे झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, 'औषध कशाचे?' आणि ज्या माणसाने भर न्यायालयात खरे सांगायला मागेपुढे पाहिले नाही, त्याने ह्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. पुढे पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळविले आणि १८७४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस ते वारले. ते औषध म्हणजे कडू कवठीच्या बियांचे तेल हे त्यांच्या मागून सर्वांना कळले. म्हणजे माझ्या आजीच्या बाटलीतले तेल!

गंमत अशी की, हे झाड काही भाऊंनी शोधून काढलेले नव्हते. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात तेराव्या अध्यायात तुवरक नावाच्या झाडाचे वर्णन आहे. पश्चिम समुद्राच्या काठी, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने हलणारी ही झाडे. त्यांची पिकली फळे पावसाच्या तोंडाला आणावीत, बियांचे तेल काढावे आणि ते कुष्ठावर द्यावे, असा त्याचा आशय. पश्चिम समुद्राचा काठ म्हणजे आपलाच काठ. भाऊ दाजी संस्कृतात मुरलेले होते. हा अध्याय त्यांच्या नजरेखालून गेलाच नसेल असे मला वाटत नाही. मांद्र्याच्या घरी असली एखादी बाटलीही असेल. अर्थात हा माझा आपला तर्क. बंगालकडे होणाऱ्या चौलमुग्र्याच्या तेलाविषयी डॉ. माऊट ह्या इंग्रजाने १८५४ सालीच लिहून ठेवले होते. ते झाड ह्याच्या भाऊबंदांतले.

मग लपविण्यासारखे त्यात काय होते? परंपरागत वैद्य आपला हातगुण सांगत नाही, तोच संस्कार डॉक्टरी शिकूनही ह्यांच्यात राहिला होता काय? की एतद्देशीय डॉक्टरचा शोध साहेब आपल्या नावावर मांडील ही भीती होती? की पुरती खात्री पटेपर्यंत बोलायचे नाही, असा शास्त्रज्ञाचा संकोच होता? कदाचित सट्ट्यात बुडालेल्या गृहस्थाला हातात काही तरी शिल्लक ठेवावेसे वाटले असेल. मनुष्यस्वभाव ओळखतो असा कादंबरीकाराचा आव असतो. पण येथे मी कोणतेही एक कारण छातीठोकपणे सांगू शकत नाही. साहेबाची भीती अगदीच खोटी नव्हती एवढे मात्र पुढच्या एका गोष्टीवरून दिसते. १९१५ साली दूर हवाई बेटांत ॲलिस बॉल नावाच्या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णी तरुणीने ह्याच जातीच्या तेलावर रासायनिक क्रिया करून ते सुईने टोचता येईल असे केले. १९१६ च्या अखेरीस ती वारली आणि तिच्या कॉलेजच्या प्रमुखाने ते काम स्वतःच्या नावाने छापले. तिचे नाव त्या पद्धतीला द्यावे, हे दुसऱ्या एका डॉक्टरने १९२२ साली लिहिले तेव्हा थोडाफार न्याय झाला.

पण तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. भाऊ दाजींच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविलेले डॉ. हेन्री कार्टर महारोगाचा अभ्यास करीत होते. शरीररचनेवरच्या ग्रे ह्यांच्या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे हेच कार्टर. ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, मग ह्या रोगाची माहिती घेण्यासाठी नॉर्वेपर्यंत गेले. त्या देशाने १८५६ पासून प्रत्येक महारोग्याची नोंदवही ठेवली होती. कोण, कोठला, केव्हा आजारी पडला, घरात आणखी कोण, हे सारे त्या वहीत उघडे होते. तेथेच १८७३ साली डॉ. हॅन्सेन ह्यांना ह्या रोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकातून दिसले. म्हणजे हा रोग पापाने होत नाही, रक्ताने येत नाही, जंतूने होतो, हे ज्या सुमारास कळू लागले त्याच सुमारास आपल्या मुंबईतले औषध एका माणसाच्या मनात बंद होते. ते किती रोग्यांना दिले, किती महिने दिले, कोणाचा रोग उलटला, ह्याचा दहा डॉक्टरांनी मिळून पडताळा पाहिला असता, तर तेलाचा गुण आणि त्याची मर्यादा दोन्ही लवकर उमगली असती.

कारण मर्यादा होतीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ह्याच झाडाचे तेल साऱ्या हिंदुस्थानातल्या कुष्ठालयांत टोचले जात होते. पोटात घेतले तर मळमळ, टोचले तर ठणका. काहींना उतार पडे, पुष्कळांना पडत नसे. १९४१ साली अमेरिकेत सल्फोन औषधांचा गुण दिसला आणि थोड्याच वर्षांत तेल मागे पडले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली आणि महारोग हा बरा होणारा, गोळ्यांनी बरा होणारा आजार झाला. लवकर ओळखला तर बोटे झडत नाहीत, विद्रूपता येत नाही. महारोग्यांना डांबून ठेवणारा १८९८ सालचा कायदा मात्र २०१६ सालापर्यंत पुस्तकात होता. औषध माणसाच्या रक्तात लवकर उतरते, समाजाच्या अंगी लागायला त्याला पुष्कळ वेळ लागतो.

म्हणून भाऊ दाजींविषयी मी मनाशी असा निवाडा केला आहे. महाराजांचे गुपित फोडताना त्यांनी स्वतःचे नुकसान पत्करले आणि लोकांचे हित पाहिले. तेलाचे गुपित राखताना त्यांना स्वतःचे हित साधले असे दिसत नाही, आणि लोकांचे मात्र नुकसान झाले. त्यांच्या बाकीच्या थोर कामाला ह्याने उणेपणा येतो काय? मला तसे वाटत नाही. मात्र मुलांना त्यांचे चरित्र सांगताना ही एक गोष्ट गाळू नये. निर्दोष माणसाच्या चरित्रापुढे पोर हात जोडते आणि ते विसरते. चुकलेल्या मोठ्या माणसाची गोष्ट ऐकून ते प्रश्न विचारते.

आजीला कोणी तेलाची कृती विचारली तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगे, वर मूठभर बियाही देई. तिच्याजवळ लपविण्यासारखे काही नव्हते. पण तिला त्या तेलाचे मोल ठाऊक नव्हते. भाऊ दाजींना मोल ठाऊक होते, आणि त्यांनी सांगितले नाही. सुरूच्या बनाकडचा तो म्हातारा ह्या दोघांच्या मधल्या अंतरात राहिला. मी शाळकरी होतो तेव्हाच सरकारी दवाखान्यांतून ह्या रोगाच्या गोळ्या येऊ लागल्या होत्या, हे मला फार उशिरा समजले. त्याला ते कोणी सांगितले होते की नाही, कोण जाणे. एका पावसाळ्यानंतर ते खोपटे तेथे नव्हते. मी तर करवंटी दगडावर ठेवून पळून येत होतो.

परवा त्या मुलाला मी पुन्हा पऱ्यावर नेले आणि ही सगळी हकिगत त्याला व त्याच्या सोबत्यांना सांगितली. सुश्रुत, भाऊ दाजी, हॅन्सेन आणि शेवटी माझी आजी. मग अंगावर फिकट डाग पडला आणि तेथे टोचलेले कळत नसेल तर काय करायचे, हेही सांगितले. लपवायचे नाही, लाजायचे नाही, सरकारी दवाखान्यात जायचे. औषध फुकट मिळते. मुलांनी ऐकून घेतले. एकाने वाकून खाली पडलेले एक फळ उचलले, वास घेतला आणि तोंड वाकडे केले.

"गुरुजी," तो म्हणाला, "तेल कसं काढतात ते दाखवाल?"

दिवाळीची सुट्टी संपली की दाखवायचे ठरले आहे.